घटक ५ : शेतकऱ्याचा दगडी वाडा – वास्तू, इतिहास आणि शब्द

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याच्या दगडी घराची रचना आणि तिच्यामागची भौगोलिक व सामाजिक कारणे सांगता येतील.
• घराच्या भागांची नावे कोणत्या भाषिक थरांतून आली आहेत, हे ओळखता येईल.
• वास्तुवाचक शब्दांचा वाक्प्रचारांत आणि म्हणींत झालेला अर्थविस्तार स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील जुन्या घराची शब्दनोंद शास्त्रशुद्ध रीतीने करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे शब्दांचे वर्ग तुमच्या परिचयाचे आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांत या वर्गांची उदाहरणे सुटीसुटी येतात. प्रत्यक्ष जीवनात मात्र शब्द असे सुटे राहत नाहीत. ते एखाद्या व्यवसायाभोवती, एखाद्या वस्तूभोवती, एखाद्या घराभोवती एकत्र नांदतात. या घटकात आपण असेच एक घर घेणार आहोत : पठारी महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा जुना दगडी वाडा.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घ्या. आजच्या मराठीत ‘फार्महाऊस’ हा शब्द रुळला आहे. त्याचा मूळ इंग्रजी अर्थ ‘शेतकऱ्याचे घर’ असा असला, तरी मराठीत तो शब्द उच्चारताच शहरातील माणसाचे सुट्टीत राहण्याचे घर डोळ्यांपुढे येते. शेतकऱ्याच्या घराला मराठीत वेगळे नाव नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. गावात बहुतेक घरे शेतीवर जगणाऱ्यांचीच असत. ते नुसते ‘घर’ असे, आणि ऐपत व मान असेल तर ‘वाडा’.

या घटकातील मुख्य विधान असे आहे : घराच्या कोणत्या भागाला कोणत्या भाषेतून आलेले नाव आहे, हे नीट पाहिले तर त्या घराचा आणि त्यात राहणाऱ्या समाजाचा इतिहास वाचता येतो, आणि घर नाहीसे झाले की हा लेखही पुसट होऊ लागतो.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ काळी आणि पांढरी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. भूशास्त्रात त्यास ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, कारण येथील डोंगरांच्या उतारांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. या थरांतील काळा कठीण दगड म्हणजे बेसाल्ट. त्याचा झिजलेला, भुसभुशीत प्रकार म्हणजे मुरूम. आणि त्याच खडकापासून झालेली सुपीक माती म्हणजे काळी माती.

काळी माती पिकाला चांगली, पण घराला वाईट. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर घातलेला पाया स्थिर राहत नाही. म्हणून वस्तीसाठी मुरमाड, उंचवट्याची जागा निवडली जाई. तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली, पडली, पुन्हा बांधली गेली. पडलेल्या भिंतींची माती, चुलीतील राख, शेणकाला यांच्या मिश्रणातून तेथील मातीचा रंग आणि गुण दोन्ही बदलले. हीच ‘पांढरी’.

जुन्या व्यवहारात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. येथे मातीच्या रंगाचे विशेषण नाम झाले आणि त्या नामाने गावाची सारी व्यवस्था सांगितली. भाषाशास्त्रात याला विशेषणाचे नामीकरण म्हणतात. पण हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. पिकवायचे काळीत आणि राहायचे पांढरीत, ही विभागणी या शब्दांत आहे. यामुळेच पठारावरील शेतकऱ्याचे घर शेतात नसून गावात, इतर घरांना लागून असे. शेतात राखणीपुरती खोप किंवा माचाण असे. विहिरी आणि पुढे विजेचे पंप आल्यावर रानातल्या ‘वस्त्या’ वाढल्या.

५.३.२ भिंत, खण आणि माळवद

आता घराच्या बांधणीकडे वळू. दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसली, तरी बहुधा ती दोन भिंतींची मिळून झालेली असते. बाहेरच्या बाजूस घडीव किंवा अर्धघडीव दगडांचा एक थर, आतल्या बाजूस ओबडधोबड दगडांचा दुसरा थर, आणि दोहोंमधील पोकळीत लहान दगड व चिखल यांची भर. अशा भिंतीची जाडी दोन-तीन फुटांपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक असे. या जाडीमुळे उन्हाळ्यात घर थंड राही व हिवाळ्यात उबदार. दगडाचा दर्शनी भाग चौकोनी घडवीत आणि त्याचे निमुळते शेपूट भिंतीच्या आत जाई. या दोन थरांना एकमेकांशी सांधणारा, भिंतीच्या संपूर्ण जाडीतून जाणारा आरपार दगड मधूनमधून बसवणे आवश्यक असते. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

श्रीमंतांच्या वाड्यात चिखलाऐवजी चुना वापरीत. चारही बाजू घडवलेल्या दगडाला ‘चिरा’ म्हणतात आणि अशा चिऱ्यांचे बांधकाम ते ‘चिरेबंदी’. कोकणात व गोव्यात मात्र ‘चिरा’ म्हटले की खाणीतून कापून काढलेला जांभ्या दगडाचा ठोकळाच समोर येतो. पठारावर व्यापक असलेला अर्थ किनारपट्टीवर एका विशिष्ट दगडापुरता मर्यादित झाला. अर्थसंकोचाचे हे चांगले उदाहरण आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाच्या शीर्षकाचे मर्म तुम्हांला या शब्दाच्या अर्थावरून कळेल. जो वाडा चिरेबंदी म्हणून अभेद्य मानला जातो, त्याचेच आतून खचणे त्या नाटकात येते.

भिंतींच्या आत लाकडी सांगाडा असे. ‘तळखडा’ नावाच्या दगडी बैठकीवर लाकडी खांब उभा करीत, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी लाकडाला लागत नसे. खांबांवर तुळया टाकत. दोन खांबांमधील अथवा तुळयांमधील जागा म्हणजे ‘खण’. घराचे मोजमाप खणांत सांगितले जाई : तीन खणांचा सोपा, पाच खणांची ओसरी. खणाची लांबी-रुंदी लाकूड किती लांब मिळते यावर अवलंबून असल्याने सर्वत्र सारखी नसे. तरीही ऐकणाऱ्याला घराच्या आकाराचा आणि घरधन्याच्या ऐपतीचा अंदाज येई. आज ‘खण’ हा शब्द कपाटाच्या वा टेबलाच्या कप्प्यासाठीही वापरला जातो. दोन आडव्या-उभ्या भागांमधील बंदिस्त जागा, हे दोन्ही अर्थांतील समान सूत्र आहे.

तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर लाकडाच्या चिरफळ्यांचा किंवा काटक्यांचा थर – ‘किलच्या’ अथवा ‘किलचण’ – त्यावर पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. हेच मराठवाडा, सोलापूर या भागांतील ‘माळवद’ आणि विदर्भ-खानदेशाकडील ‘धाबे’. छपराची माती पांढरीतून आणीत, कारण ती काळीसारखी फुगत-फाटत नाही. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छपरात एक भोक ठेवीत. त्याला काही भागांत ‘सवणे’ किंवा ‘साणे’ म्हणतात. पावसाचे पाणी बाहेर टाकण्यासाठी भिंतीतून ‘पन्हळ’ काढलेला असे. हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’ या शब्दाचा वंशज आहे.

माळवद म्हणजे घराचे दुसरे अंगण. तेथे धान्य वाळे, शेवया-पापड होत, उन्हाळ्याच्या रात्री माणसे झोपत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपरावरचे गवत काढून, गळती थांबवण्यासाठी नवी माती टाकीत. जुनी माती काढण्याची प्रथा सर्वत्र नसल्याने पिढीगणिक छप्पर जड होत जाई.

५.३.३ दारापासून चुलीपर्यंत : शब्दांचे थर

भूशास्त्रज्ञ जसा खडकाचे थर पाहतो, तसे आपण आता वाड्यातील शब्दांचे थर पाहू. मुख्य दारातून आत शिरू आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊ.

वाड्याच्या दर्शनी भागात पुढील शब्द भेटतात : दरवाजा, बुरूज, कमान, महिरप, ढाळज (किंवा ढेलज), दिवाणखाना, पागा, तबेला, मजला, जिना, हौद, फरशी. हे सारे शब्द फारसीतून किंवा फारसीमार्फत अरबीतून मराठीत आले. मराठवाड्याच्या बोलीतील ‘ढाळज’ हा अस्सल गावरान वाटणारा शब्द फारसी ‘दहलीज’ या शब्दाचे रूपांतर आहे. ‘दहलीज’ म्हणजे उंबरठा किंवा प्रवेशाची जागा. मराठीत त्याचा अर्थ मुख्य दाराच्या आतली, बसण्या-उठण्याची आच्छादित जागा असा झाला.

येथून आत, चौक ओलांडून माजघराकडे गेलो की शब्दांचा रंग बदलतो. ‘माजघर’ मधला ‘माज’ म्हणजे मध्य : संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, मराठी ‘माज’. आणखी काही शब्द पाहा :

• चुल्ली (संस्कृत) – चूल
• उदूखल – उखळ
• मुसल – मुसळ
• शूर्प – सूप
• यन्त्र – (प्राकृत) जंत – जाते
• गोष्ठ – (प्राकृत) गोट्ठ – गोठा
• स्कम्भ – (प्राकृत) खंभ – खांब

हे सर्व तद्भव शब्द आहेत. संस्कृतातील जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झाले आणि मराठीत एकेरी होऊन आधीचा स्वर दीर्घ झाला, हा नियम ‘मज्झ – माज’ आणि ‘चुल्ली – चूल’ या जोड्यांत तुम्हांला स्पष्ट दिसेल. ‘यन्त्र’ या शब्दाचे ‘जाते’ होणे तर विशेष बोलके आहे. आज ‘यंत्र’ हा तत्सम शब्द आपण कारखान्यातील यंत्रासाठी वापरतो, पण शेतकरी स्त्रीच्या लेखी शतकानुशतके घरातले यंत्र म्हणजे जाते हेच होते.

तिसरा थर अलीकडचा. जुने घर पाडून नवे बांधणारा शेतकरी आज ‘पिलर’, ‘कॉलम’, ‘बीम’, ‘स्लॅब’, ‘हॉल’, ‘किचन’, ‘बाथरूम’ असे शब्द सहज वापरतो. या थरात दारापासून चुलीपर्यंत सर्वत्र इंग्रजी शब्द शिरले आहेत.

या मांडणीचा अर्थ काय? सल्तनतींच्या काळात फारसी ही राज्यकारभाराची, लष्कराची आणि प्रतिष्ठेची भाषा होती, आणि पुढे मराठेशाहीत कारभार मराठीत चालला तरी तिचा प्रभाव टिकून राहिला. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांचा सरकारशी संबंध वाड्याच्या पुढच्या भागात येई : ढाळजेत गावकीचा न्याय होई, दिवाणखान्यात अधिकारी उतरे, पागेत घोडे असत. म्हणून त्या भागाने राजसत्तेची भाषा घेतली. मागील भागात स्त्रियांचे, धान्याचे आणि गुरांचे राज्य होते. तेथे दरबाराचा संबंध आला नाही आणि जुने प्राकृत शब्द टिकून राहिले. भाषेतील बदल कोठून शिरतो आणि कोठे थांबतो, याचा नकाशाच घराच्या आराखड्यात मिळतो.

मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नये. पुढच्या भागातही ‘ओसरी’, ‘पायरी’, ‘उंबरठा’ हे शब्द आहेतच. प्रवृत्ती आणि नियम यांतील भेद अभ्यासकाने नेहमी सांभाळला पाहिजे. तसेच प्रदेशभेदही लक्षात घ्यावा. कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘सोपा’ म्हणजे घराचा प्रशस्त पुढचा भाग. कोकणात त्या जागी ‘ओटी’ आणि ‘पडवी’ येतात. शब्दनोंद करताना केवळ शब्द लिहिणे पुरेसे नाही. तो घराच्या कोणत्या जागेसाठी वापरला जातो, हेही लिहावे लागते.

५.३.४ वाडा कोणाचा?

वाडा हे सर्वांचे घर नव्हते. गावात बहुसंख्य घरे लहान, मातीच्या भिंतींची किंवा झोपडीवजा असत. दगडी वाडा आणि त्याहून मोठी, बुरूजबंद ‘गढी’ ही वतनदारांची. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांचा वाडा, म्हणजे जिजाबाईंचे जन्मस्थान, आजही त्याच्या भव्य दगडी प्रवेशद्वारामुळे ओळखला जातो. गावोगावचे पाटील-देशमुखांचे वाडे याच परंपरेतील लहान आवृत्त्या होत.

वाड्याच्या आराखड्यात समाजरचनाही कोरलेली होती. कोणी दाराबाहेर थांबायचे, कोणी ढाळजेपर्यंत यायचे, कोणी ओसरीवर बसायचे आणि कोणाला माजघरात प्रवेश, हे जातीने ठरे. वाड्यातील स्त्रीच्या वावराची सीमा उंबरठ्याने ठरे. ज्या पाथरवटांनी आणि वडारांनी खाणीतून दगड काढून चिरा घडवला, त्यांतील कित्येकांना बांधून झालेल्या घरात मोकळेपणाने जाता येत नसे.

याचा परिणाम शब्दकोशांवरही झाला. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून प्रसिद्ध झाले. या दोन्ही कोशांत वास्तुवाचक शब्दांचे मोठे धन आहे. परंतु कोशकार्य लिहित्या-वाचत्या वर्गाच्या हातून झाले. वाड्यात राहणाऱ्यांचे शब्द त्यात अधिक आले आणि वाडा बांधणाऱ्यांचे कमी. दगडाची शीर कशी ओळखावी, घाव कोठे घालावा, कोणता दगड कोपऱ्यास चालतो, हे ज्ञान ज्या शब्दांत सांगितले जाई, ते पुष्कळसे तोंडीच राहिले.

विसाव्या शतकात वाड्याचा आर्थिक आधार सुटत गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९६१ मध्ये शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. याच काळात वाटण्या वाढल्या, मुले शहरांकडे गेली, एका वाड्यात चार चुली झाल्या आणि चौकातून भिंती उठल्या. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे बदल आवश्यकच होते. वाड्याचा अभ्यास करताना गेलेल्या वैभवाचा शोक करण्याचे कारण नाही. त्यातील ज्ञान आणि त्यातील अन्याय या दोहोंची नोंद करणे हे आपले काम आहे.

५.३.५ घर सोडून निघालेले शब्द

वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिचा शब्द नेहमीच मरतो असे नाही. पुष्कळदा तो लाक्षणिक अर्थाने भाषेत वावरत राहतो. पुढील उदाहरणे पाहा.

अडसर : मुख्य दार आतून बंद करण्यासाठी आडवे सरकवायचे जाड लाकूड. ते भिंतीतील खोबणीत सरकवून ठेवीत. आज ‘प्रगतीतील अडसर’ असे लिहिणाऱ्या किती जणांनी खरा अडसर पाहिला असेल? विशेष म्हणजे मूळ अडसर घरातल्यांचे रक्षण करणारा होता. लाक्षणिक अर्थात मात्र तो वाट अडवणारा ठरला. बोलणाऱ्याने जागा बदलली : तो दाराच्या आतून बाहेर आला.

पेव : जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंडाशी अरुंद व आत रुंद असे हे पेव मातीने बंद करीत. ते उघडले की धान्याची एकदम रेलचेल होई. म्हणून ‘पेव फुटणे’ म्हणजे एखादी गोष्ट अकस्मात उदंड होणे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली.

उतरंड : मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी रचलेली मडक्यांची चळत. आज हा शब्द मुख्यतः ‘जातींची उतरंड’ या प्रयोगात आढळतो. तळाच्या मडक्यावर सर्वांचा भार असतो आणि वरची काढल्याशिवाय ते हलवता येत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच या रूपकाची धार कळते.

वळचण : उतरत्या छपराची भिंतीबाहेर आलेली कड. पावसात अडकलेला वाटसरू तिच्याखाली उभा राही. आजच्या राजकीय लेखनात कोणी ना कोणी ‘सत्तेच्या वळचणीला’ गेलेला असतोच. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आणि ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण, दोन्ही उतरत्या छपराच्या प्रदेशातल्या. सपाट माळवदाला असे आढे नसते आणि अशी वळचणही नसते. तरी या म्हणी माळवदाच्या प्रदेशातही सर्रास बोलल्या जातात. म्हणी कशा प्रवास करतात, याचा हा नमुना होय.

याखेरीज ‘उंबरठे झिजवणे’, ‘खुंटीला टांगणे’, ‘चूल वेगळी मांडणे’, ‘उखळ पांढरे होणे’, ‘दावणीला बांधणे’, ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ हे प्रयोग तुम्ही नित्य ऐकता. ‘चौकट’ हा शब्द तर दाराच्या लाकडी सांगाड्यातून निघून ‘कायद्याची चौकट’, ‘सैद्धान्तिक चौकट’ असा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचला आहे. मूळ वस्तू विसरली गेली की अशा रूपकांना ‘मृत रूपके’ म्हणतात. मात्र ‘तळखडा’, ‘किलचण’, ‘सवणे’, ‘बळद’ (धान्य साठवण्यासाठी घरातच बांधलेली बंदिस्त जागा) यांसारख्या शब्दांना मृत रूपक होण्याचेही भाग्य लाभलेले नाही. वस्तूबरोबर तेही विस्मरणात जात आहेत.

५.३.६ ३० सप्टेंबर १९९३ आणि नंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडी अधिक, म्हणजे जगातील अतितीव्र भूकंपांच्या तुलनेत मध्यम होती. तरी एवढी प्राणहानी झाली, त्याचे एक मोठे कारण आपण वर पाहिलेल्या बांधणीत आहे.

जाड भिंतीचे दोन थर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते. हादरा बसताच ते एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. वर वर्षानुवर्षे वाढत गेलेला मातीचा भार होता. अनेक ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या दगडी भिंती ढासळल्या, असेही दिसून आले. भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली. परंतु अभियंत्यांनी दोष दगडाला न देता सांधणीला दिला. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीच्या भारतीय मानकात (क्रमांक १३८२८, वर्ष १९९३) आरपार दगड प्रत्येक ६० सेंटिमीटर उंचीवर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावेत, असे सांगितले आहे. याचा अर्थ, जुन्या चांगल्या कारागिरांना जे ठाऊक होते आणि घाईत, काटकसरीत किंवा विस्मरणात जे सुटत गेले, तेच नियमरूपाने पुन्हा लिहावे लागले. कारागिराचा शब्द कोशात का यायला हवा, याचे याहून गंभीर कारण दुसरे नसेल. शब्द टिकला असता म्हणजे भिंत टिकलीच असती, असे म्हणता येणार नाही. पण ज्या गोष्टीला नाव उरत नाही, ती पुढच्या पिढीला शिकवणे अवघड होते, एवढे निश्चित.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषांतील रुंद रस्ते, सुटी सुटी घरे. घराचा आकार जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट ठरला. येथे एका भाषिक घटनेकडे लक्ष द्या : ‘खण’ हे माप संपले आणि ‘चौरस फूट’ आले. खणात लाकूड, खांब आणि घरातील वावर यांचा संदर्भ होता. चौरस फुटात केवळ क्षेत्रफळ आहे. नवी घरे अधिक सुरक्षित होती, हे नाकारता येत नाही. त्यांच्या आराखड्यात मात्र ढाळज, चौक, माळवद यांना जागा नव्हती आणि म्हणून त्या शब्दांनाही रोजच्या बोलण्यात जागा उरली नाही. जी मुले नव्या गावांत जन्मली, त्यांच्यासाठी ‘माळवद’ हा आजीच्या गोष्टीतला शब्द झाला.

५.४ सारांश

पठारावरील दगडी घर हे काळा दगड, पांढरी माती आणि लाकडाचा खण यांतून घडले. त्याच्या पुढील भागाची नावे फारसी-अरबी परंपरेतून, आतील भागाची नावे मुख्यतः प्राकृतातून, तर नव्या बांधकामाची नावे इंग्रजीतून आली. हे थर सत्ता, श्रम आणि कुटुंब यांचा इतिहास सांगतात. घर नाहीसे होताना काही शब्द रूपके होऊन टिकले, काहींचे अर्थ बदलले आणि काही विसरले गेले. १९९३ च्या भूकंपाने ही प्रक्रिया काही गावांत एका रात्रीत घडवली. इतरत्र ती सावकाश चालू आहे.

५.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘पांढरी’ या शब्दाचा पारिभाषिक अर्थ कोणता?
२. ‘खण’ म्हणजे काय?
३. ‘ढाळज’ हा शब्द कोणत्या मूळ शब्दापासून आला?

आ) टिपा लिहा.
१. ‘चिरा’ आणि अर्थसंकोच
२. ‘अडसर’ या शब्दाचा अर्थविस्तार
३. वास्तुवाचक शब्दांतील फारसी थर

इ) सविस्तर उत्तर लिहा.
‘घराचा आराखडा हा भाषेच्या इतिहासाचा आराखडा असतो.’ या विधानाची चर्चा तुमच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे करा. हे विधान कोठे लागू पडत नाही, तेही दाखवा.

५.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्यापैकी अनेकांनी दगडी किंवा माळवदाच्या घरात बालपण घालवले असेल, किंवा तुमच्या सासरी-माहेरी असे घर अजून उभे असेल. नियमित महाविद्यालयातील तरुण विद्यार्थ्याकडे नसलेले हे साधन तुमच्याकडे आहे. त्याचा उपयोग करून पुढील नोंद तयार करा.

१. परिसरातील किमान पन्नास वर्षे जुन्या एका घराचा साधा आराखडा काढा आणि प्रत्येक भागाचे नाव, घरातील माणसे उच्चारतात तसेच लिहा. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका.
२. शक्य असल्यास तीन व्यक्तींना स्वतंत्रपणे विचारा : घरातील वृद्ध स्त्री, शेतात राबणारी व्यक्ती आणि गवंडी, सुतार वा पाथरवट. तिघांनी दिलेल्या नावांतील फरक तक्त्यात मांडा.
३. प्रत्येक शब्द कोशात पाहा. जो शब्द कोशात सापडणार नाही, त्यापुढे खूण करा. त्याचा अर्थ, उच्चार, वापरणाऱ्याचे गाव आणि अंदाजे वय नोंदवा. व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय लिहू नका.
४. घर पडके असेल तर भिंतीचा छेद दिसतो का, ते सुरक्षित अंतरावरून पाहा आणि दोन थर, मधली भर व आरपार दगड यांची नोंद करा.

ज्या शब्दांपुढे तुम्ही खूण केली असेल, ती यादी संपर्कसत्रास येताना आवर्जून बरोबर आणा. वर्गात आपण तिच्यापासूनच सुरुवात करू.